दोर कोरडा आहे

बुधवार, ६ ऑक्टोबर

ती. बाबा,

शाळेत पत्राचा लांबलचक मायना शिकवला होता. तो लिहिला तर वहिनी अडखळत वाचतील आणि तुम्ही म्हणाल, "पुढे चल." म्हणून पुढूनच सुरुवात करते. वहिनी, तुम्ही सावकाश वाचा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बाबा, मी फोन केला की तुम्ही अंघोळीला गेलेले असता. सप्टेंबरात चार वेळा केला, चारही वेळा तुमची अंघोळ चालू. एवढं स्वच्छ राहायची तुम्हाला सवय नव्हती. म्हणून पत्र.

इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. एक तारखेला गोल्फचा हंगाम उघडायचा होता. बावीस वर्षं ज्या मैदानाचं गवत तुम्ही बोटांनी चाचपून कापलंत, तिथे दुसऱ्या झेंड्यापाशी आज बदकं पोहताहेत. ऑफिसबाहेरची पाटी मी रोज सकाळी सहाला पुसते आणि "बंद" हीच बाजू पुढे ठेवते. सव्वासहापासून फोन. "आज खुलं आहे का?" नाही साहेब. "पण आमच्याकडे तर पाऊस नाही." इथे आहे साहेब. "किती आहे?" जणू मीच नळ सोडून ठेवलाय.

सगळ्यांत जास्त फोन दाताच्या डॉक्टरांचे. आयुष्यभर लोकांना "तोंड उघडा" म्हणाले, आता मला म्हणतात मैदान उघड. आणि पाटी बंद असली तरी रोज येतात. सगळेच येतात. बहुतेकांना घरच्यांनी हाकललेलं दिसतंय. हॉलमधल्या गालिच्यावर चहाचा कप आडवा ठेवून त्यात चेंडू ढकलत बसतात आणि एकमेकांवर खेकसतात. पाच कप फुटले. बरोबर सांगायचं तर चार फुटले, एकाचा नुसता कान गेला.

पाणी लवकर हटावं म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी मैदानात मोठा चर खणून घेतलाय. पहिल्यापासून सहाव्या झेंड्यापर्यंतचं सगळं पाणी त्यातून वाहतं आणि सातव्याच्या मागे, उताराच्या माथ्यावर पडतं. त्या उताराखाली कामगारांची नऊ घरं, त्यातलं तिसरं आपलं. हे तुम्हाला मी काय सांगायचं.

काल पाचव्या घरातल्या काकू धुलाईघरातून येताना भेटल्या. त्यांच्या मागच्या भिंतीला ओल आलीय. ओल सगळ्यांच्याच भिंतींना आहे. काळजीचं काही नाही.

फक्त सहज विचारते. तुमचा गाठींचा दोर अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. तो वाचतात कसा? मला आठवतं तेवढं लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. उताराच्या वरच्या खडकात लोखंडी कडी आहे, ती हलत नाही. उताराच्या मध्यावर तुमची खुंटी आहे. दरवर्षी पाऊस संपला की तुम्ही दोराचं टोक कडीत अडकवून तो खुंटीपर्यंत ताणायचात आणि खुंटीपाशी गाठ बांधायचात. जमीन खाली सरकली की खुंटी कडीपासून लांब जाते, म्हणून नवी गाठ जुनीच्या पुढे पडते. दोन गाठींमध्ये जितकी बोटं, तितका उतार त्या वर्षात चालला. एवढंच ना? की अजून काही आहे?

वहिनी, उत्तर दोन ओळींत लिहा, नाहीतर ऑफिसच्या फोनवर सांगा. घाई नाही.

तुमची मुलगी

ता. क. फार उशीरही नको.


मंगळवार, १२ ऑक्टोबर

ती. बाबा,

उत्तर आलं नाही. काल आणि परवा फोन केला तर नुसता वाजत राहिला. अंघोळीचं कारण सांगायलाही कोणी नव्हतं. रागावला असाल तर वहिनींकडून तसं कळवा. गप्प राहिलात की मला काहीबाही सुचत राहतं.

पण एक चांगली बातमी आहे. मी दोर ताणून बघितला.

खिळ्यावरून काढला तेव्हा तो ओलसर होता आणि त्याला बुरशीचा वास येत होता. अशा दोराने मोजलं तर खरं कसं निघेल? शाळेत प्रयोगाच्या तासाला बाई सांगायच्या, आधी साधन स्वच्छ आणि कोरडं करा. म्हणून दोन दिवस तो धुलाईघरातल्या गरम पाइपवर टाकून ठेवला. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "क्लबचे दोनशे टॉवेल वाळेनात, आणि ही बाई दोऱ्या वाळवतेय! माझी कपड्यांची दोरी बघ जरा, पावसात अशी ताणून बसते की चिमटे उडतात. तिचे लाड करायला कोणी नाही." मी हसले. खूप दिवसांनी हसले.

रविवारी दुपारी दोन तास पाऊस थांबला. दोर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी रेनकोटच्या आत धरून उतारावर गेले. गवत कापायच्या यंत्रावरचे काका बरोबर होते. ते वर कडीपाशी राहिले, मी खुंटीपाशी. सगळ्या एकोणीस गाठी मोजल्या. बाबा, तुमची शेवटची गाठ बरोबर खुंटीवर आली. केस जाईल एवढीही फट नाही. म्हणजे तुम्ही गेल्यापासून तीन वर्षांत उतार बोटभरही चाललेला नाही. मी काकांना दोनदा खाली बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बरंय मग. तुझे बाबा येताना बादली घेऊन यायचे." म्हटलं, खुंटीभोवतीच्या गवताला पाणी घालत असतील. "असतील," म्हणाले.

सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं. त्यांनाही बरं वाटलं. त्यांचं एक छोटं कागदाचं काम अडलं होतं, तेही झालं. आता चोवीस तारखेच्या रविवारी हंगामाची पहिली स्पर्धा नक्की आहे, पाऊस असो वा नसो. बाहेरून दोनशे माणसं येणार. डॉक्टरांनी मला चॉकलेट दिलं. दाताचे डॉक्टर आणि चॉकलेट! मी तसं म्हणाले तर म्हणतात, "अगं, पेशंट नको का मिळायला?"

चर आणखी रुंद करताहेत.

दोर परत खिळ्याला लावला नाही. तिथे ओल लागते. पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. कोरडा आहे, काळजी करू नका.

तुमची मुलगी


सोमवार, १८ ऑक्टोबर

बाबा,

वहिनी, हे वाचताना शेजारपाजारचं कोणी घरात नसेल असं बघा. आणि कुठेही वगळू नका. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळाल, तर तेही करू नका.

काकूंचं मागचं दार लागत नाही. आधी खाली घासायचं, आता वरच्या कोपऱ्यात अडतं. त्यांनी दार काढून तासून घेतलं, दोन दिवस लागलं, आज पुन्हा अडलं. आपल्या घराची मागची पायरी भिंतीपासून सुटलीय. शुक्रवारी त्या फटीत मी पेन्सिल उभी खोचली, ती घट्ट बसली. काल ती सैल झाली. आज सकाळी बघितलं तर आत पडून गेली होती, दिसतसुद्धा नाही. भिंतीतून येणारं पाणी इतके दिवस स्वच्छ होतं. काल दुपारपासून गढूळ येतंय.

हे सगळं मी तारखांसकट वहीत लिहिलंय. लिहिताना बरं वाटतं आणि वही मिटली की पुन्हा उघडून तारखा बघते.

कारण दोर सांगतो फारसं हललं नाही. काल पुन्हा घाईघाईत ताणला, पिशवीतून काढला तसा कोरडा. गाठ खुंटीच्या चार बोटं अलीकडे राहिली. म्हणजे आठवड्यात चार बोटं. काका म्हणाले, "पंचवीस हातांच्या दोराला चार बोटं म्हणजे काहीच नाही. मी नीट धरला नसेन." नसतील धरला. पण पायरीची फट चार बोटांहून मोठी आहे.

आता ते कागदाचं काम. बारा तारखेच्या पत्रात मी ते असं लिहिलं, की तुम्ही विचारू नये. काकूंनी ओलीबद्दल अर्ज केला होता. चराचं पाणी उतारावर सोडायचं तर उतार पक्का असल्याची लेखी नोंद हवी होती. इंजिनियरना बोलावलं होतं, पण वाटेत रस्ता खचला म्हणून ते आले नाहीत. साहेब म्हणाले, "तू मोजलंयस ना? मग तूच लिही. आपल्यात तुझ्याइतकं स्वच्छ लिहिणारं कोण आहे?" मी लिहिलं: "प्रत्यक्ष मोजणी केली असता उतारात कोणतीही हालचाल आढळली नाही." खाली सही, तारीख, वेळ. बाबा, मला ते वाक्य आवडलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

आणि आता जे आहे ते आपण दोघांनी तीन वर्षांत एकदाही बोललेलं नाही. वहिनींनाही माहीत नसेल. वहिनी, वाचा.

त्या दिवशी समितीच्या बैठकीत बाबा दोर घेऊन आले. इतिवृत्त लिहायला मी कोपऱ्यात बसले होते, नोकरीला लागून सहा महिने झाले होते. बाबा म्हणाले, "साहेब, सातव्याखालचा उतार चालतोय. दरवर्षी तीन बोटं. तिथे पाणी नेऊ नका, आणि खालची घरं हलवा." आणि दोर टेबलावर ठेवला. तो ओला होता. त्याचं पाणी मैदानाच्या नव्या नकाशावर पसरलं. सगळ्यांनी आपापले कागद उचलले. कोणीतरी म्हणालं, "अहो, पिळून तरी आणायचा!" सगळे हसले. साहेबांनी विचारलं, "यात लिहिलंय काय?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात शिकलेली मीच होते. बाबाही माझ्याकडे बघत होते.

मला त्या पाण्याची लाज वाटली. मी म्हणाले, "काही नाही साहेब. ती त्यांची सवय आहे."

इतिवृत्तात मी लिहिलं: "मुख्य माळी यांनी एक दोरी दाखवली." दोरी लिहिलं, दोर पण नाही.

पुढच्या महिन्यात तुम्ही काम सोडून दादाकडे गेलात. जाताना दोर खिळ्याला ठेवून गेलात. तो माझ्यासाठी ठेवलात की माझ्यावर टाकलात, ते मला अजून कळलेलं नाही. तोपर्यंत मला मास्तरीण म्हणायचात. त्यानंतर नाही म्हणालात.

फोन अजून नुसता वाजतोय. माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागायचीच आहे, पण ती नंतर. आधी एवढंच सांगा: मी दोर चुकीचा वाचतेय का? खाली नऊ घरांत एकतीस माणसं आहेत. काकूंच्या सासूबाई धरून. त्या उठू शकत नाहीत.


शनिवार, २३ ऑक्टोबर, सकाळी अकरा

बाबा,

काल दुपारी ऑफिसचा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, आज खुलं आहे का. वहिनी बोलत होत्या. तीन आठवडे त्या माहेरी होत्या, आईच्या आजारपणात, आणि दादा ट्रक घेऊन लांब गेलेला. फोनला तुम्ही हात लावत नाही. माझी तिन्ही पाकिटं तुमच्या उशीखाली न फोडता पडून होती. शेजारी वाचणारी माणसं आहेत, पण पोरीचं पत्र परक्याच्या तोंडून ऐकायचं नाही म्हणून तुम्ही थांबलात. आणि मी मात्र तुमच्या अंघोळीवर विनोद करत होते.

वहिनींनी दारातच तिन्ही वाचून दाखवली. त्या मला सांगायला लागल्या आणि मागून तुमचा आवाज आला. तीन वर्षांनी. "मास्तरणीला सांग, दोर आधी बादलीत बुडव! सकाळी बुडव, संध्याकाळी ताण! ओला झाला की तो आखडतो, वाळला की लांबतो. मी सगळ्या गाठी ओल्यावर बांधल्यात. काकूंच्या कपड्यांच्या दोरीला विचार म्हणावं!"

फोन ठेवला आणि माझी पत्रं मनात पुन्हा वाचली. बादली काकांनी सांगितली होती. चिमटे काकूंनी सांगितले होते. टेबलावरचं पाणी तर मी स्वतः बघितलं होतं. तिन्ही गोष्टी मी तुम्हाला नीट अक्षरात लिहून पाठवल्या आणि मला एकही कळली नाही.

सकाळपर्यंत थांबायला धीर नव्हता. तीन तास बुडवला, पाच वाजता काकांना घेऊन उतारावर गेले. शेवटची गाठ खुंटीपर्यंत पोचेना. ओढला, पुन्हा ओढला. गाठ आणि खुंटी यांच्यात एक अख्खा हात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दरवर्षी तीन बोटं चालणारा उतार, बाबा.

खुंटीपाशी गाठ बांधली आणि तशीच चिखलाच्या पायांनी साहेबांकडे गेले. ते पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावत होते. सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून माझा कागद काढला. "ही सही तुझीच ना?"

"हो साहेब. पण ते मी कोरड्या दोरावरून लिहिलं होतं."

"आणि आता ओल्या दोरावरून सांगतेस. उद्या अर्धवट वाळलेला आणशील." ते ओरडले नाहीत, थकलेले होते. "हे बघ, तीन आठवडे मी रोज शंभर माणसांची बोलणी खातोय. म्हणतात मैदान चालवतोस की तळं? इंजिनियर सोमवारी येतोय. दोन दिवस. दोन दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?"

आभाळाबद्दल मी बोलतच नव्हते.

दोर तसाच बादलीत ठेवला. आज सकाळी सहाला पुन्हा ताणला. कालच्या माझ्या गाठीच्या पुढे चार बोटं. एका रात्रीत. तिथे दुसरी गाठ बांधली.

मग मी घरोघर गेले. कोणी उठेना. पहिल्या घरातून म्हणाले, "परवा तूच सांगितलंस ना, हललं नाही म्हणून? तुझं एक काही ठरव." खरंच होतं. शेवटी काकू आणि आणखी चारपाच जणांना हाताला धरून उतारावर नेलं आणि त्यांच्यासमोर दोर ताणला. काकूंनी डोळे मिटून गाठींवरून बोटं फिरवली. एकोणीस गाठी सारख्या अंतराने, मग एकदम लांब, मग माझ्या दोन. त्या खाली वळून ओरडल्या, "अरे, ट्रॉली आणा! म्हातारीला आधी घ्या!" माझं बोलणं कोणी ऐकलं नाही. तुमचा दोर ऐकला.

हॉलची किल्ली माझ्या टेबलात असते. विचारलं नाही, उघडलं. गालिच्यावर आता गाद्या आहेत आणि काकूंच्या सासूबाई झुंबराकडे बघून म्हणाल्या, "लग्न कोणाचं आहे?" सामानाची यादी मी केलीय, घरनिहाय. काका ट्रॉलीच्या फेऱ्या मारताहेत. आणखी एक केलंय. सातव्या झेंड्याची काठी उपटून माझ्या कपाटात कुलूपबंद केलीय. झेंडा नसेल तर तिकडे चेंडू कोण मारेल?

साहेब दुपारी येतील. मी चुकले असेन तर उद्या दोनशे माणसांसमोर माझी नोकरी जाईल. चुकले नसेन तर... बाबा, यातलं काय व्हावं असं म्हणू? मला दोन्हींची भीती वाटते. सगळ्यात जास्त भीती याची की चुकले नसावे असं मनात कुठेतरी वाटतंय.

दोर बादलीत आहे.


मंगळवार, २६ ऑक्टोबर

बाबा,

वहिनींनी फोनवर माझ्याकडून ऐकून तुम्हाला सांगितलंच आहे की सगळे जिवंत आहेत. तरी क्रमाने लिहिते.

शनिवारी साहेब हॉल बघून लाल झाले, पण म्हातारीला उचलून बाहेर काढा असं काही त्यांच्या तोंडातून निघेना. रविवारी पाऊस नव्हता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ऊन. साहेबांनी स्वतःच्या हाताने पाटी उलटली. लोक लहान मुलांसारखे मैदानात पळाले.

सव्वानऊला डॉक्टर माझ्या खिडकीपाशी. "सातव्याला झेंडा नाही. मारायचं कुठे, आभाळात?"

"झेंडा माझ्याकडे आहे."

"मग दे."

"देणार नाही."

बाबा, क्लबच्या माणसाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. ते बघतच राहिले. "अगं, तीन आठवडे मी कपात चेंडू घालतोय! तुला काही दया?" मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. ते साहेबांना बोलवायला गेले आणि त्यांच्याबरोबरचे तिघेही, काय तमाशा होतो ते बघायला, सातव्याकडे न जाता मागे वळले.

साहेब दारात आले तेव्हा आवाज झाला. फार मोठा नव्हता. भरलेलं कपाट कोणी शेजारच्या खोलीत ओढावं तसा. तो थांबेचना.

सातव्याची हिरवळ गेली. तुमची खुंटी गेली. कडी खडकात आहे. पहिली चार घरं खिडकीपर्यंत भरली, आपलं त्यातच. काकूंच्या दारापर्यंत चिखल येऊन थांबला, आणि त्या दारात काका होते.

ते माझ्यामुळे होते. काकूंच्या सासूबाईंचा औषधाचा डबा यादीत नव्हता. यादी मी केली होती. काका म्हणाले, "एवढंच ना, आणतो." चौकट त्यांच्या पायावर पडली. दोन हाडं मोडली आहेत. काल बघायला गेले तर म्हणतात, "मास्तरणीच्या यादीत एक चूक निघाली म्हणून मला सुट्टी मिळाली." मला हसू आलं नाही.

डॉक्टर दोन दिवस हॉलमध्ये येताहेत. खेळाबद्दल बोलत नाहीत. मुलांचे दात तपासतात. काल एकदम माझ्याशेजारी बसून म्हणाले, "झेंडा दिला असतास तर त्या वेळेला मी तिथेच असतो. वाकलेला असतो." आणि उठून गेले.

उरलेल्या उताराला माथ्यावर नवी भेग आहे. चर बुजवताहेत. मला अजून जरासा आवाज झाला की भिंतीला हात लावावासा वाटतो. हॉलच्या भिंती पक्क्या आहेत, हे माहीत आहे.

गुरुवारी चौकशीची बैठक आहे. साहेब सकाळी माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. हळूच म्हणाले, "तो बारा तारखेचा कागद चिखलात गेला असं समज. तुझ्याही भल्याचं आहे." मी म्हटलं, "साहेब, त्याची नक्कल माझ्याकडे आहे." मी प्रत्येक कागदाची नक्कल ठेवते, तुम्हाला माहीत आहे. ते जायला वळले आणि म्हणाले, "हो. तू ठेवणारच."

मी ती नक्कल टेबलावर ठेवणार आहे. त्यांनी चराचं पाणी सोडलं ते माझ्या सहीवर सोडलं. मला फार भीती वाटते, बाबा. पण या वेळी त्या टेबलावर दोरही असेल, बादलीतून काढलेला, आणि नकाशावर पाणी पसरलं तर पसरू दे. कोणीतरी विचारेल यात लिहिलंय काय. मला आता वाचता येतो. तरी तो तुम्ही वाचावा. फोनवर वहिनींना तसं सांगितलंय, आणि दादाचा ट्रक उद्या इकडे येतोय असं त्या म्हणाल्या. मी इतिवृत्त लिहीन, आणि तुम्ही बोलाल तसंच लिहीन.

येणं झालं नाही तर म्हणून सोबत एक तुकडा पाठवते आहे. मूळ दोर चौकशीला लागेल, म्हणून त्यातला फक्त गाठींचा भाग मी दुसऱ्या तसल्याच दोरावर उतरवलाय. तुमच्या एकोणीस, मग माझ्या दोन. त्यापुढे दोर मोकळा सोडलाय, कारण खुंटी सापडली नाही.

वहिनी, इथून पुढे वाचायला काही नाही. दोर बाबांच्या हातात द्या.

बाबा, आधी बादली मागा.

तुमची मास्तरीण